बाबागाडी घेऊन पळताना

साताऱ्यात पळणाऱ्यांना चढाचं मोठं कौतुक. २०१२ साली हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली तेव्हापासून तर यवतेश्वरचा घाट कोण किती वेळात चढतं, यावर सकाळच्या चहाला गप्पा रंगतात. लेक होण्याआधी मीही त्याच गप्पांत असायचे. तिला बाबागाडीत बसवून पळायला लागले आणि माझं सगळं लक्ष चढावरून उतारावर गेलं. चढाला दमलं तर थांबता येतं, चालता येतं. उताराला गाडी आपल्याला ओढायला लागते, आणि त्या गाडीत आपलं लेकरू असतं. आधी लेकीबरोबर आणि आता धाकट्याबरोबर पळताना जे काही शिकले, ते ढकलण्यापेक्षा धरून ठेवण्याचंच जास्त आहे.

आमचं घर शाहूपुरीत. नवरा एमआयडीसीत, पहिली पाळी असली की पहाटेच बाहेर. सासूबाईंचे गुडघे दुखतात. सहा-सात महिन्यांचं बाळ तासभर त्यांच्या कडेवर देऊन आपण पळायला जायचं, हे मला पटणारं नव्हतं. म्हणजे पळायचं तर बाळाला घेऊनच.

त्याआधी स्वतःच्या शरीराकडे बघावं लागतं, आणि आपल्याकडे नेमकं तेच राहतं. माझं सिझर झालेलं. टाके भरले, तीन महिने झाले, आता काय अडचण, असं घरात सगळ्यांना वाटत होतं. फिजिओथेरपिस्टकडे गेले तेव्हा त्यांनी ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ साली काढलेली एक मार्गदर्शिका समोर ठेवली. बाळंतपणानंतर पहिले तीन महिने पळू नये. तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान सुरुवात करायची तीसुद्धा शरीर तयार असेल तरच, असं तिच्यात आहे. तयार आहे की नाही ते ओळखायच्या साध्या चाचण्याही दिल्यात. अर्धा तास न थांबता चालता येतं का, एका पायावर १० सेकंद उभं राहता येतं का, जागच्या जागी मिनिटभर जॉगिंग जमतं का, एका पायावर १० उड्या मारता येतात का. हे करताना ओटीपोटात जडपणा वाटला, दुखलं किंवा लघवी निसटली, तर अजून थांबायचं.

लघवी निसटण्याबद्दल बायका एकमेकींशीसुद्धा बोलत नाहीत. शिंकलं की होतं, हसलं की होतं, बाळंतपणानंतर व्हायचंच, म्हणून वर्षानुवर्षं अंगावर काढतात. त्यावर व्यायाम आहेत, शिकवणारी माणसं आहेत आणि बऱ्याच जणींना गुण येतो. मी ते व्यायाम स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत करायचे. पळायचं नसेल तिनंही करावेत, इतकं त्यांचं महत्त्व मला वाटतं.

बाळाची तयारी ही वेगळी गोष्ट. मान धरली म्हणजे बाळ पळत्या गाडीत बसायला तयार झालं असं होत नाही. रस्त्याचे हादरे मानेला आणि पाठीला सोसले पाहिजेत, म्हणून या गाड्या बनवणारे साधारण सहा महिन्यांच्या आत पळूच नका म्हणतात. काही जण आठ सांगतात. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी लेकीला आधाराशिवाय नीट बसू दे म्हणून सांगितलं. ती बसायला लागली तोवर आठवा महिना लागला होता. तोपर्यंत गाडी होती, पण फक्त चालायला.

गाडी मिळवणं सोपं नव्हतं. पुण्यातल्या एका दुकानात मला चार छोट्या चाकांची साधी बाबागाडी दाखवून ‘यात पळालं तरी चालतं’ असं सांगितलं गेलं. अजिबात चालत नाही. तसली गुळगुळीत प्लास्टिकची चाकं आपल्याकडच्या रस्त्यावर बारीक खडीलासुद्धा अडतात, आणि वेगात असताना पुढचं चाक अडलं की गाडी पुढं उलथते. पळायची गाडी तीन चाकांची असते. मागची दोन चाकं मोठी, माझ्या गाडीची १६ इंची, हवा भरायची. पुढचं चाक पळताना सरळ लॉक करता येतं. मागच्या चाकांना हादरे शोषणारे स्प्रिंग. बाळाला दोन्ही खांद्यांवरून, दोन्ही कमरेवरून आणि मांड्यांमधून असा पाच ठिकाणी धरणारा पट्टा. आणि दांड्याला एक दोरी, जी आपल्या मनगटात अडकवायची. या प्रकारच्या गाडीची सुरुवात अमेरिकेतल्या याकिमा गावात १९८४ साली झाली. फिल बेचलर नावाच्या पत्रकारानं आपल्या मुलाला घेऊन पळता यावं म्हणून बाबागाडीला सायकलची चाकं लावली, आणि पुढं त्याचा धंदाच झाला. एका बापाच्या गरजेतून ही वस्तू आली, हे मला फार आवडतं.

मला ती शेवटी परदेशातून परत आलेल्या एका ओळखीच्या कुटुंबाकडून वापरलेली मिळाली. वापरलेली घेताना तीन गोष्टी हातानं तपासल्या. पट्ट्याचं बक्कल ओढून सुटतं का. पुढचं चाक झटक्यात काढता येणाऱ्या खटक्याचं असेल तर तो पक्का बसतो का. गाडी उचलून चाक खाली ओढून बघायचं. आणि ब्रेक. माझ्या गाडीला दांड्यावर सायकलसारखा हाताचा ब्रेक आहे, शिवाय थांबल्यावर पायानं दाबायचा वेगळा. हाताच्या ब्रेकशिवायही गाड्या मिळतात. साताऱ्यात राहणाऱ्यानं तसली घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याचं कारण रस्त्यावर उतरलं की कळतं. गाडीचंच वजन ११-१२ किलो, लेक नऊ किलोची, खाली जाळीत पाण्याची बाटली, डायपर, कपडे. राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे हे सगळं घेऊन उतरायला लागलं की हात ताणले जातात, पावलं आपोआप लांब पडतात आणि आपण गाडीच्या वेगानं पळायला लागतो. तिथं मी वेग मोडते. आधी हात कोपरात थोडे वाकवून गाडी अंगाजवळ घ्यायची, छाती पुढं झुकू द्यायची नाही, पावलं बारीक टाकायची आणि ब्रेक एकदम आवळण्याऐवजी थोडा थोडा दाबत राहायचा. एकदम आवळला तर बाळ पट्ट्यात पुढं हिसकतं. उताराला दोन्ही हात दांड्यावर आणि दोरी मनगटात. याला माझ्याकडे सूट नाही. जरा तीव्र उतार आला की सरळ चालायचं. यवतेश्वरचा घाट आणि ‘चार भिंती’ या टेकडीवरच्या ठिकाणाचा रस्ता मी गाडीसाठी कायमचे सोडून दिले. घाटात शनिवार-रविवारी कासला जाणाऱ्या गाड्यांची रीघ असते, आणि वळणावर समोरच्याला खाली ढकलगाडी दिसेल याची खात्री नाही.

सपाटीला तंत्र वेगळं. दोन्ही हातांनी धरून पळालं तर खांदे आखडतात आणि कंबर वळत नाही. एक हात दांड्याच्या मधोमध, दुसरा नेहमीसारखा हलता, आणि थोड्या थोड्या वेळानं हात बदलायचा. काही जण गाडी पुढं ढकलून सोडतात आणि पळत जाऊन पकडतात. व्हिडिओत छान दिसतं. रस्त्यात कुत्रं आडवं आलं तर काय, एवढा एकच विचार केला की ते करावंसं वाटत नाही. चढाला पावलं अजून बारीक करायची आणि घड्याळाकडे बघायचंच नाही. गाडी घेऊन वेग कमी होणारच. मी श्वासावर पळते: लेकीशी दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत, तेवढाच जोर.

पुढचं चाक लॉक असलं की गाडी वळत नाही, हे पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला विचित्र वाटतं. वळायचं असेल तर दांडा खाली दाबायचा, पुढचं चाक जमिनीवरून दोन बोटं उचललं जातं, मागच्या दोन चाकांवर गाडी फिरवायची आणि परत टेकवायची. स्पीडब्रेकरलाही हेच. आपल्याकडचे स्पीडब्रेकर रंग उडालेले, एखाद्याच्या दारापुढं रातोरात उगवलेले. लांबून दिसत नाहीत. म्हणून अंधारात मी गाडी बाहेर काढत नाही, दिवस चांगला उजाडल्यावरच निघते. आणि एक काम आहे जे प्रत्येकानं करावं: सपाट जागी गाडी हलकेच सोडून सरळ जाते का बघायचं, रिकामी असताना. माझी डावीकडे ओढायची. पुढच्या चाकाच्या आसाजवळ एक छोटी फिरकी असते, ती पाव फेरा फिरवली आणि गाडी सुतासारखी सरळ गेली. त्याआधी माझा उजवा खांदा रोज भरून यायचा.

शेवटी माझा मुक्काम पडला तो शाहू स्टेडियमवर. सपाट जमीन, गाड्या नाहीत, बसायला पायऱ्या. गर्दी असते, पण कडेकडेनं गोल पळायला हरकत नसते. एवढीच गोष्ट की जोरात सराव करणाऱ्या पोरांची आतली लेन आपण अडवायची नाही. पोलिस भरतीची तयारी करणारी, खेड्यांतून आलेली मुलं-मुली तिथं घाम गाळत असतात. माणमधल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पोचली, तेव्हापासून जिल्ह्यातल्या मुलींच्या पळण्याकडे घरचे वेगळ्या नजरेनं बघायला लागलेत, हे तिथल्या मुलींशी बोलताना जाणवतं. त्यातल्या एक-दोघी आमच्या गाडीशेजारून जाताना लेकीला टाळी द्यायच्या. लेक पुढच्या फेरीला त्यांची वाट बघत हात बाहेर काढून बसायची, आणि हात चाकाकडे जाऊ नये म्हणून मला थांबून तो आत घ्यावा लागायचा.

बदल म्हणून बोगदा ओलांडून कुरणेश्वरच्या बाजूला जाते. झाडी आहे, हवा गार. पण उसाचा हंगाम सुरू झाला की तो रस्ता बंद, म्हणजे माझ्यासाठी बंद. शेंद्र्याच्या कारखान्याकडे दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर निघतात, मागचा ट्रेलर झुलत असतो, गाण्याचा आवाज एवढा की मागून आलेली गाडी चालवणाऱ्याला कळत नाही. धूळ तर बाळाच्या बरोब्बर तोंडाच्या उंचीवर उडते. आपण उभे असतो, आपल्याला तितकी जाणवत नाही.

तसंच थंडीचं. डिसेंबरात साताऱ्याची सकाळ बोचरी असते. आपण दहा मिनिटांत घामाघूम होतो आणि स्वेटर काढतो. बाळ मात्र बसलेलं असतं, आणि वारा समोरून त्याच्या अंगावर. हात-पाय गार लागले म्हणजे थंडी वाजतेय असं नसतं, ते बाळांचे लागतातच. मानेच्या मागं, कपड्याच्या आत हात घालून बघायचं. तिथं ऊब असली की ठीक. सासूबाईंनी दिलेली कानटोपी आणि पायांवर चादर, चादरीची टोकं आत खोचलेली, नाहीतर चाकात जातात. उन्हाळ्यात उलटं. ऊन लागू नये म्हणून गाडीवर ओढणी किंवा दुपट्टा टाकायचा मोह होतो. टाकू नये, आतली हवा कोंडते आणि बाहेरच्यापेक्षा जास्त तापते. त्यापेक्षा लवकर निघून लवकर परतावं. पावसाळ्यात आम्ही पळत नाही. प्लास्टिकचं कव्हर मिळतं, पण आपल्याकडची झड सुरू झाली की रस्ताच दिसत नाही.

सासूबाईंचा विरोध होता, आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं. “अगं, केवढं डोकं हलतंय तिचं. मेंदूला काही झालं म्हणजे?” मी त्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं, त्यांचं समाधान झालं नाही. मग एका सकाळी त्यांना रिक्षानं स्टेडियमवर घेऊन गेले. “आई, तुम्हीच धरून बघा.” त्यांनी पदर खोचला, दोरी मनगटात घातली आणि चालत अर्धी फेरी मारली. मधे थांबून वाकल्या, सीटवर तळहात ठेवून मला म्हणाल्या, “आता तू ढकल.” मी ढकलली, त्या हात तसाच ठेवून शेजारून चालल्या. सीटला किती हादरा बसतो ते त्यांना तसं बघायचं होतं. खडबडीत जागा आली तिथं म्हणाल्या, “इथनं नको नेऊस, तिकडनं वळव.” तेव्हापासून मी त्या कोपऱ्यातून पळत नाही. घरी आल्यावर मीठ-मोहरी उतरवणं त्यांनी सोडलं नाही, पण जाताना पाण्याची बाटली आता त्या स्वतः भरून ठेवतात.

रस्त्यावर लोक विचारतात. ‘वहिनी, गाडीत बाळच हाय का?’ इथपासून ‘कशाला एवढा त्रास, घरी ठेवायचं की’ इथपर्यंत. मी थांबून उत्तर देते. एका आजोबांनी तर दोरी कशाला ते विचारलं, ब्रेक दाबून बघितला, आणि दुसऱ्या दिवशी सुनेला दाखवायला घेऊन आले.

बाळाचं म्हणणं काय, हा खरा प्रश्न. पोटभर पाजून लगेच निघालं की लेक उलटी काढायची, उपाशी निघालं की रडायची. पाजून, ढेकर काढून, पाऊण तासानं निघायचं, हे आमचं गणित बसलं. मलाही तेच बरं, छाती हलकी असते. वीस-पंचवीस मिनिटं ती खूश असते. कबुतरं, झाडू मारणाऱ्या मावशी, घंटागाडी सगळं बघते. मग चुळबूळ. चुळबूळ सुरू झाली की थांबायचं, पट्टा सोडून कडेवर घ्यायचं, पायरीवर बसायचं. माझे किलोमीटर राहिले म्हणून तिला अजून दोन फेऱ्या बांधून ठेवणं मला मान्य नाही. आपल्या आवडीसाठी बाळाला बरोबर नेतो आपण, तर त्यातला वेळ त्याचाही असला पाहिजे. कधी कधी ती झोपायची. मग मान एका बाजूला कलंडते, तिथं थांबून सीट थोडी मागं करायची आणि पळणं सोडून चालत घरी यायचं.

देखभालीबद्दल लिहायलाच हवं, कारण तिथं लोक अडतात. कुरणेश्वरच्या रस्त्यावर बाभळीचा काटा घुसला आणि पंक्चर झालं. आता परदेशी गाडीची ट्यूब कुठं शोधायची या काळजीत मी सायकलच्या दुकानात गेले. मिस्त्रीनं टायर काढायच्या आधीच व्हॉल्वला हात लावून सांगितलं, “ताई, ह्याचा व्हॉल मोटरसायकलीचा हाय, आपल्या सायकलीचा न्हाई.” आपल्या साध्या सायकलींना येतो तो बारीक रबरी नळीचा व्हॉल्व नसतो, स्कूटरसारखा असतो. मग त्यानं कपाटातून लहान पोरांच्या १६ इंची सायकलची तसल्याच व्हॉल्वची ट्यूब काढली, टायरवर लिहिलेल्या मापाशी जुळवली आणि बसवली. टायरच्या आतून बोट फिरवून काट्याचं राहिलेलं टोक शोधून काढलं, ते नसतं काढलं तर नवी ट्यूबही गेली असती. हवा पेट्रोलपंपावर भरता येते, पण तिथला जोर मोठ्या चाकांचा असतो आणि एवढीशी ट्यूब क्षणात कडक होते. मी घरी पायपंप ठेवलाय. किती हवा हवी तो आकडा टायरच्या कडेवर छापलेला असतो. त्याच्या किंचित खाली ठेवली तर आपल्या रस्त्यावर हादरे कमी बसतात, फार कमी केली तर गाडी जड जाते. आठवड्याला एकदा दाबून बघते, आणि दर वेळी निघताना पट्टा, पुढचं चाक, ब्रेक या क्रमानं हात फिरवते.

धाकटा झाला तेव्हा दोन मुलांची जोडगाडी घ्यावी का, असा विचार घरात झाला. रुंदीला ती आमच्या गल्लीतल्या उभ्या दुचाकींच्या मधून जाणार नाही, आणि दोघांचं मिळून वजन उताराला मला एकटीला धरवणार नाही. म्हणून गाडी एकच राहिली. धाकटा गाडीत, लेक तिच्या छोट्या सायकलवर, आणि हे फक्त स्टेडियमवर, रस्त्यावर कधीच नाही. ती पुढं गेली की मला पळावं लागतं, ती फुलपाखरू बघायला थांबली की गोल गोल फिरत राहावं लागतं. बाहेरच्याला हा सराव वाटणार नाही. पण थांबत, पळत, थांबत असा अर्धा तास गेला की चांगला घाम निघतो.

हिल मॅरेथॉन मी गेल्या वर्षी धावले, एकटी. शर्यतीत गाडी न्यायचा विचारही नव्हता. हजारो पायांच्या गर्दीत आणि घाटाच्या उतारावर बाळाचं काही काम नाही. चढ पूर्वीपेक्षा सोपा गेला. परतीच्या उताराला मात्र कित्येक जण माझ्यापुढं निघून गेले, कारण माझी पावलं आता उतार दिसला की आपोआप बारीक होतात. मला ती सवय मोडायची नाही.

गाडीवर ३४ किलोपर्यंतची मर्यादा लिहिलेली आहे, पण धाकटा तीन वर्षांचा झाला की उतरवायचा असं ठरवलंय, तेव्हा त्याला स्वतः पळू दे. नंतर ती कराडला नणंदेकडे जाईल. तिला सातवा महिना लागलाय, आणि प्रीतिसंगमाकडची सपाटी आमच्यापेक्षा कितीतरी बरी. गाडीबरोबर पायपंप, एक जादा ट्यूब आणि पुढच्या चाकाची फिरकी फिरवायचा छोटा पाना द्यायचाय. ब्रेकची तार तेवढी देण्याआधी नवी टाकून घेईन.